रोजगार हमी योजनेचा रिव्ह्यू : वापरणाऱ्यांच्या आणि पैसे भरणाऱ्यांच्या बाजूने

हॉटेलांचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, मला एका सरकारी सेवेचा टाकायचाय, कारण तिचं बिल आपण महिन्याच्या महिन्याला भरतोय आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नाहीये. पगाराची स्लिप उघडून बघा. पीएफच्या आसपास कुठेतरी ‘पीटी’ म्हणून 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2500. हा व्यवसाय कर, आणि महाराष्ट्रात हा कर 1975 साली लागला तोच मुळात रोजगार हमीच्या नावाने. पगारदार माणसाने वर्षाला एवढे घालायचे, राज्य सरकारने तिजोरीतून तेवढीच रक्कम वर टाकायची, आणि त्यातून खेड्यातला जो कोणी प्रौढ माणूस अंगमेहनतीचं काम करायला तयार असेल त्याला काम द्यायचं. जात विचारायची नाही, उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. आणि हे सगळं कायद्याने, म्हणजे कलेक्टरच्या मर्जीवर नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचा. आता पुण्यात नोकरी. म्हणजे पैसे भरणारा मी आणि वापरणारी आमची थोरली वहिनी, जी उन्हाळ्यात अजूनही हमीच्या कामावर जाते. दोन्ही बाजू घरातच असल्यामुळे या सेवेबद्दल बोलायचा मला थोडाफार हक्क आहे असं वाटतं.

पण रिव्ह्यू आत्ताच लिहायचं कारण वेगळं आहे. आजकाल कुठलीही मोठी मागणी काढा, शहरातल्या बेकार पोरांना रोजगाराची हमी म्हणा, म्हाताऱ्यांना जगता येईल एवढी पेन्शन म्हणा, समोरचा पहिलं वाक्य ठरलेलं टाकतो, ‘कल्पना चांगली आहे रे, पण फिजिबल नाही.’ झालं, चर्चा संपली. एमएला राज्यशास्त्र घेतलं होतं तेव्हा आम्हाला हा मुद्दा चांगला खोलात शिकवला होता. जर्मन तत्त्वज्ञ कांटपासून चालत आलेलं तत्त्व आहे की जे करणं शक्यच नाही ते एखाद्याचं कर्तव्य असू शकत नाही. बरोबरच आहे, बुडणाऱ्याला वाचव असं पोहता न येणाऱ्याला कसं सांगणार. पण पुढची सगळी गोम ‘शक्य नाही’ म्हणजे नेमकं काय यात आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स म्हणायचा की राजकीय विचाराने स्वप्न बघावं पण माणसं जशी आहेत तशी धरून बघावं, वास्तवातलं युटोपिया. जी. ए. कोहेनचं म्हणणं उलटं, न्याय काय हे ठरवताना आज काय जमतंय हे मधे आणूच नका, जमणं न जमणं हा नंतरचा प्रश्न. आणि अलीकडे पाब्लो गिलाबर्ट आणि हॉली लॉफर्ड-स्मिथ यांनी 2012 मध्ये जी मांडणी केली ती मला सगळ्यात कामाची वाटते. काही अडथळे पक्के असतात, निसर्गनियमासारखे, ते हलत नाहीत. बाकीचे सगळे कच्चे असतात, पैसा, कायदा, सवयी, पक्षांची गणितं. ते आज आडवे येतात म्हणून उद्या येतीलच असं नाही, फक्त हलवायला वेळ आणि ताकद लागते. गिलाबर्ट तर पुढे जाऊन म्हणतो की एखादी गोष्ट आज जमत नसेल तरी ती जमण्याजोगी करत नेणं हे आजच आपल्यावर बंधनकारक असू शकतं.

आता हे सगळं परीक्षेपुरतं वाचून सोडून देता येतं. पण रोजगार हमीचा इतिहास बघितला की कळतं की हाच वाद आपल्याकडे संविधान सभेत झाला होता, आणि त्याचा निकाल तासगाव तालुक्यात आणि नंतर 1972च्या दुष्काळात लागला. म्हणून ही सेवा मला इतकी महत्त्वाची वाटते.

संविधानाचं कलम 41 काढून वाचा. कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क, बेकारी, म्हातारपण, आजारपणात सरकारी मदत, सगळं आहे त्यात. पण सुरुवातीलाच अट घातलीय, राज्याची आर्थिक क्षमता आणि विकास यांच्या मर्यादेत राहून. वर कलम 37 सांगतं की ही मार्गदर्शक तत्त्वं, कोर्टात जाऊन मागता येणार नाहीत. के. टी. शहा संविधान सभेत यावर चांगलेच चिडले होते, त्यांनी म्हटलं की हा तर बँकेला जमेल तेव्हाच वटणारा चेक झाला. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की कोर्टात नसेल जाता येत, पण सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वं डावलता येणार नाहीत, निवडणुकीत त्याला लोकांना तोंड द्यावं लागेल. मला दोघांचंही पटतं. शहांना भीती होती की ‘क्षमतेच्या मर्यादेत’ हे शब्द कायमची पळवाट होतील, आणि पुढे कितीतरी वर्षं ते तसेच वापरले गेले. पण बाबासाहेबांना ठाऊक होतं की लोक मागायला लागले की मर्यादा सरकते. कामाच्या हक्काच्या बाबतीत ती सरकली ती इथे, महाराष्ट्रात.

वि. स. पागे हे नाव किती जणांना माहितीय? विधान परिषदेचे सभापती होते, 1960 पासून 1978 पर्यंत. सांगली जिल्ह्यातलेच, तासगाव तालुक्यातले, गांधी-विनोबांच्या विचारातले. त्यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग सुरू केला की जो काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि ते काम शेतीला, पाण्याला उपयोगी पडेल असंच द्यायचं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, त्यांनी पाठीशी उभं राहून करू दिलं. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की पागेंनी अख्ख्या राज्याला हे परवडेल का असा प्रश्न घेऊन समिती नाही बसवली. एका तालुक्यात करून बघितलं, मजुरी किती लागते, माणसं किती येतात, कामं पुरतात का. ‘शक्य आहे का’ याचं उत्तर कागदावर शोधायच्या ऐवजी जमिनीवर शोधलं. तासगावला जे झालं त्यानंतर निदान ‘असं कुठे होत असतं का’ म्हणायची सोय राहिली नाही.

1972 मध्ये योजना राज्यभर नेली आणि लगेच तो दुष्काळ आला. आमची आजी त्याला नुसतं ‘बहात्तर’ म्हणायची, दुष्काळ हा शब्दही लावायची नाही. खडी फोडायची कामं, पाझर तलावाची कामं, रस्त्याची मातीकामं, आणि कामावर वाटलेली सुखडी नावाचं खाणं, रेशनला आलेला तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. 1973च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. एकाच वेळी. हा आकडा जरा थांबून वाचा, कारण त्याच्या आधी कुणी म्हटलं असतं की सरकार 50 लाख लोकांना कामावर लावू शकतं तर सगळ्या तज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं असतं, एवढी मोजमापाची माणसं कुठून आणणार, मस्टर कोण भरणार, पगार कसा वाटणार. आणि तरी झालं. कामांवर गोंधळ होता, पगार उशिरा व्हायचे, लाल निशाण पक्षवाले, समाजवादी, कम्युनिस्ट, सगळ्यांनी मजुरांचे मोर्चे काढले तेव्हा कुठे ठिकठिकाणी कामं सुरू झाली. पण ज्याँ द्रेझसारख्या अर्थतज्ज्ञाने या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आणि दाखवलं की धान्याचं उत्पादन एवढं घटलेलं असूनही दुष्काळात होतात तशी मोठ्या प्रमाणावर माणसं मेली नाहीत, आणि त्याचं मोठं श्रेय या कामांना आहे.

एकदा करून दाखवलं की मग ‘जमणार नाही’ म्हणायला तोंड राहत नाही. 1977चा रोजगार हमी कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. कायद्याच्या प्रस्तावनेत थेट कलम 41चं नाव आहे. म्हणजे संविधानाने ज्याला ‘जमेल तसं’ म्हटलं होतं त्याला एका राज्याने ‘द्यावंच लागेल’ केलं, आणि तेही देश आत्तापेक्षा कितीतरी गरीब असताना.

आता या सेवेची बांधणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरं कौतुक इथे आहे. पहिली गोष्ट, पैशाची सोय हक्काबरोबरच केली. नुसता हक्क जाहीर करून ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ असं नाही लिहिलं, व्यवसाय कर लावला, बागायती जमिनीवर कर लावला, गाड्यांच्या आणि विक्रीच्या करात भर घातली, आणि हा पैसा रोजगार हमी निधी म्हणून वेगळा काढायचं ठरवलं. दुसरी गोष्ट, गरीब कोण हे शोधत बसायचं नाही. रेशनकार्डाचं बघतो ना आपण, पिवळं कुणाला केशरी कुणाला यावर गावात किती राजकारण. इथे तसं काही नाही, उन्हात खड्डा खणायला किमान मजुरीवर जो येतो त्याला त्याची गरज आहेच, ज्याला गरज नाही तो येतच नाही. त्यामुळे तलाठ्याच्या दाखल्यापासून पुढाऱ्याच्या चिठ्ठीपर्यंतचा एक अख्खा भ्रष्टाचार कमी होतो. तिसरी गोष्ट, बाईला पुरुषाइतकीच मजुरी, आणि कामाच्या जागी पाणी, सावली, लहान पोरांना सांभाळायची सोय ही कायद्यात. आमच्याकडे शेतावर बाईची हजेरी अजूनही गड्यापेक्षा कमी आहे, सगळे म्हणतात रीतच आहे. मग हमीच्या कामावर चाळीस-पन्नास वर्षं तीच बाई सारख्या मजुरीवर कशी काय चालते?

आणि चौथी गोष्ट म्हणजे राजकारण, जिच्याकडे आदर्शवादी माणसं सहसा बघत नाहीत. शहरातल्या आमदारांनी हा कर का मान्य केला? कारण दुष्काळात मुंबई-पुण्याला येणारे लोंढे त्यांना दिसत होते. बागायतदार का गप्प बसले? कारण पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते झाले तर पाणी आणि वाहतूक त्यांच्याही शेताला मिळणार होती. मजुरांना मजुरी हवी होती. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, पण हात एकाच बाजूने वर झाले. माझ्या मते व्यवहार्यतेचा खरा अभ्यास हा आहे, कोणता अडथळा कुणाच्या हिताचा आहे आणि तो हलवायला कुणाला सोबत घ्यावं लागेल. ‘फिजिबल नाही’ म्हणणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा एवढं काम केलेलंच नसतं, त्याने फक्त आजचा फोटो बघितलेला असतो.

यातून पुढे आणखी एक चांगली गोष्ट झाली, 1990 पासून रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात आंबा, काजू, डाळिंब, बोर लावायचं, खड्डे काढायची, लागवडीची मजुरी योजनेतून. कोकणात कातळावर काजूच्या आणि आंब्याच्या बागा दिसतात, आमच्याकडे सांगोला-आटपाडी पट्ट्यात डाळिंब दिसतं, त्यात या योजनेचा मोठा हात आहे. दुष्काळात खडी फोडायचं काम बागा उभ्या करण्यापर्यंत येईल हे 1972 मध्ये कुणाच्या डोक्यात असेल असं वाटत नाही.

आता वापरण्याचा अनुभव, अलीकडचा, म्हणजे योजना मनरेगा या केंद्राच्या कायद्याखाली चालत होती तेव्हाचा. वहिनी ज्या कामावर गेली होती ते नाला खोलीकरणाचं होतं, मी सुट्टीला गेलो तेव्हा सकाळीच तिच्याबरोबर बघायला गेलो. बायका निम्म्याहून जास्त. दोघी-तिघींचा एक गट, प्रत्येक गटाला चुन्याने आखून दिलेला चौकोन. खणताना मधे मातीचा एक ठोकळा तसाच ठेवतात, वरचं गवत सुद्धा न काढता, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती आणि किती खोल गेलं ते मोजता येतं. मोजणीवाला आला की टेप त्या ठोकळ्याला लावतो आणि लांबी, रुंदी, खोली वहीत लिहितो. मजुरी दिवसाची नाही, मातीची मिळते. मुरूम लागला तर दर वेगळा, मऊ माती असेल तर वेगळा. वहिनीला हे दर तोंडपाठ आहेत. ती मला म्हणाली, ‘भावजी, कड सरळ कापली न्हाई तर सायेब माप कमी धरतोय, म्हणून पयला कड, मग मधलं.’ मी त्या कडा बघितल्या, ओळंब्यात कापलेल्या. लोक म्हणतात हमीच्या कामावर नुसतं बसून पैसे घेतात, त्यांनी एकदा त्या नाल्यात उतरून बघावं.

मग हजेरी. आता ॲपवर दिवसातून दोन वेळा फोटो काढून हजेरी लागते, जागेच्या लोकेशनसकट. 2023 पासून हे सगळीकडे सक्तीचं झालं. हेतू चांगला आहे, खोट्या मस्टरवर खोटी नावं टाकून पैसे उचलायचा जुना धंदा होता तो बंद व्हावा. पण नाला असतो दरीत, तिथे रेंज नाही, फोटो चढत नाही, दुपारचा फोटो राहिला की अर्धा दिवस गेला. ज्या बाईने तिचा चौकोन अकरा वाजताच खणून संपवलाय तिनेही दुसऱ्या फोटोसाठी थांबायचं. माती मोजून पैसे द्यायचे असतील तर तिला उन्हात थांबवायचं कारण काय, हे मला कुणीच नीट सांगू शकलं नाही.

पैशाचं म्हणाल तर महाराष्ट्राचा दर 2025-26 साठी पूर्ण कामाच्या एका दिवसाला 312 रुपये होता. कायद्याप्रमाणे मस्टर संपल्यापासून पंधरा दिवसांत खात्यावर यायला पाहिजेत, उशीर झाला तर भरपाईसुद्धा आहे. प्रत्यक्षात वहिनीचे पैसे कधी वेळेत आले, कधी दोन-अडीच महिने नाहीत. हातावर पोट असणाऱ्याला अडीच महिन्यांनी मिळणारी मजुरी म्हणजे त्याने मधले दिवस व्याजाने काढायचे. आधार आणि बँक खात्याची जोडणी बिघडली तर ते वेगळंच, पैसे ‘रिजेक्ट’ असं येतं आणि तालुक्याला खेटे घालावे लागतात, तिथला एक दिवस म्हणजे परत एक हजेरी बुडाली.

पण सगळ्यात वाईट प्रकार याच्याही आधी होतो. काम मागायला गेलं की ‘आत्ता काम नाही, निघालं की सांगतो’ असं तोंडी सांगून परत पाठवतात. अर्जच घेत नाहीत. आणि याचं कारण मनरेगा कायद्यातच होतं, मजुरीचा पैसा केंद्राचा, पण पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर द्यायचा बेकारी भत्ता राज्याच्या खिशातून. पहिल्या 30 दिवसांना मजुरीचा चौथा हिस्सा, नंतर निम्मा. मग खालच्या माणसाला सोपा उपाय काय, मागणीची नोंदच करायची नाही. मागणी नाही म्हणजे भत्ता नाही, आणि वर अहवालात लिहायचं की या गावात कामाला मागणी नाही. पुढच्या वर्षी तोच अहवाल पुढे करून कुणीतरी म्हणणार, लोकांनाच नकोय तर योजना कशाला. म्हणजे आधी आपणच अडथळा उभा करायचा आणि मग तोच पुरावा म्हणून दाखवायचा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर रिव्ह्यू एकतर्फी होईल. पैशाची मर्यादा खोटी नसते. 1988 मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाला बांधल्यामुळे जवळपास दुप्पट झाली, ते न्यायाचंच होतं, सरकारने स्वतःच किमान वेतनापेक्षा कमी द्यायचं हे कसं चालेल. पण पैसा त्या प्रमाणात वाढवला नाही आणि मग नव्या कामांना मंजुरी मिळेना, कामाचे दिवस घटले, मागेल त्याला काम मिळेनासं झालं. हमी कागदावर तशीच राहिली. काही जण यावरून म्हणतात की बघा, मजुरी वाढवणं व्यवहार्य नव्हतं. मी यातून वेगळंच शिकलो. हक्क वाढवताना निधी वाढवला नाही तर हक्क आतून पोकळ होतो, आणि तो पोकळ झालाय हे कुणी जाहीर करत नाही. व्यवसाय कराची कमाल मर्यादा बघा, संविधानाच्या कलम 276 मध्ये 2500 रुपये, ती 1988च्याच घटनादुरुस्तीत ठरली आणि अजून तिथेच आहे. तेव्हा 2500 मोठी रक्कम होती. आज मोठ्या पॅकेजवाला आणि महिन्याला बारा हजार मिळवणारा वॉचमन दोघेही सारखेच 2500 भरतात. हा अडथळा निसर्गाने घातलाय का? एक घटनादुरुस्ती करून तो हलवता येतो. मला जास्त भरायला लागले तर मी भरेन, आणि हे मी मनापासून म्हणतोय, कारण माझे पैसे कुठल्या नाल्यात जिरले ते मी बघून आलोय.

2005 मध्ये केंद्राने देशभर कायदा केला, मनरेगा, त्याला महाराष्ट्राचा हा अनुभव मोठा आधार होता. तिथे कुटुंबाला वर्षाला 100 दिवस होते, आपल्याकडे त्यापुढचे दिवस राज्य द्यायचं, कारण आपल्या कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत राजस्थान, आंध्र पुढे निघून गेले आणि ज्या राज्यात ही कल्पना जन्मली ते मागे पडलं, याची मला अजून खंत आहे.

आणि आता डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केलाय. 125 दिवस म्हणतो, वाढलेले दिवस बघून बरं वाटतं. पण त्यात बहुतेक राज्यांना खर्चाचा 40 टक्के वाटा उचलायचाय, प्रत्येक राज्याला केंद्र किती देणार हे आधीच ठरणार आणि त्यावर गेलेला खर्च राज्याने सोसायचा, शिवाय पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून 60 दिवस कामं बंद ठेवायची. माझी काळजी एवढीच आहे. आधी मागणी यायची आणि पैसा तिच्या मागे जायचा, निदान कायद्यात तरी. आता पैसा आधी ठरणार आणि मागणीने त्यात बसायचं. म्हणजे कलम 41 मधली ती ‘क्षमतेच्या मर्यादेत’ची अट, जी महाराष्ट्राने 1977 मध्ये काढून टाकली होती, ती मागच्या दाराने परत आली. श्रीमंत राज्यं चालवून नेतील. ज्या राज्यांत गरीब जास्त आणि तिजोरी लहान, त्यांनीच मागणी दाबायची शक्यता सगळ्यात जास्त. हंगामाच्या बंदीचंही तसंच, आमच्या पट्ट्यात पाऊसच पडला नाही तर पेरणी कसली आणि हंगाम कसला, पण काम मात्र बंद. मजूर मिळत नाहीत म्हणून बागायतदार ओरडतात ते खरंय, पण ती ओरड जास्त मजुरी देऊन थांबते, दुसऱ्याचा पर्याय बंद करून नाही.

स्टार द्यायचेच तर कल्पनेला आणि 1977च्या कायद्याच्या बांधणीला पाचपैकी पाच. कामाच्या दर्जाला चार, आमच्या गावचा पाझर तलाव अजून पाणी धरतो. पगार वेळेवर मिळण्याला दोन. मागणी नोंदवून घेण्याला एक, तोही जे थोडे ग्राम रोजगार सेवक मनापासून काम करतात त्यांच्याकडे बघून, कारण त्यांचं मानधनही तुटपुंजं आहे आणि शिव्या मात्र पहिल्या त्यांनाच.

ज्यांना ही सेवा वापरायचीय किंवा ज्यांच्या घरात, ओळखीत कुणी वापरतं त्यांच्यासाठी. तोंडी मागू नका. नमुना 4, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरून द्या आणि तारीख टाकलेली पोच घ्या, पोच नाही दिली तर तिथून हलू नका, कारण पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजतात, ती तारीख नसेल तर तुमची मागणी झालीच नाही असं धरलं जातं. एकट्याने जाऊ नका, दहा-पंधरा जणांनी मिळून अर्ज द्या, त्यात बायका जास्त असतील तर चांगलंच. ग्रामसभेत कामांची यादी होते तेव्हा हजर राहून आपल्या शिवारातली कामं त्यात घालून घ्या, नाहीतर नंतर ‘तुमच्या गावात मंजूर कामच नाही’ हे ऐकावं लागतं. मोजमाप होताना आपल्या चौकोनापाशी उभे राहा आणि किती लिहिलं ते विचारा, विचारायचा हक्क आहे. केंद्राचा कायदा बदललाय त्यामुळे फॉर्मचे नंबर, पोर्टलची नावं बदलतील, पण तारखेची पोच मागायची सवय सोडू नका. वहिनी आणि तिच्या गटातल्या बायका आता अर्जाची झेरॉक्स काढून त्यावरच सही-शिक्का घेतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांचं काम पंधरा दिवसांच्या आत निघालं.